पाकीट फोडलं आणि आत डाग! दाताची हत्यारं परत वापरतात त्याबद्दल

कोरांटी

गेल्या आठवड्यात दात साफ करून घ्यायला गेले होते. खुर्ची मागे झुकलेली, डोळ्यांवर दिवा, गळ्यात तो कागदी गळपट्टा. मदतनीस मुलीने माझ्यासमोरच पाकीट फोडलं. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक, कागदावर एक रंग बदललेली बारीक पट्टी. बरं वाटलं. मग आतून आरसा, टोकदार प्रोब आणि एक चिमटा निघाला. चिमट्याची दोन पाती जिथे जुळतात तिथे तपकिरी डाग होता. तिळाएवढा, पण मला तो बशीएवढा दिसला.

मी विचारलं तर ती म्हणाली, "स्टराईल आहे ते, काळजी करू नका." पुढचं विचारणार तोवर तोंडात सक्शनची नळी गेली होती. आ वासलेल्या माणसाने काय वाद घालायचा?

घरी आल्यापासून डोक्यात भुंगा. हा चिमटा माझ्याआधी किती जणांच्या तोंडात गेला असेल? ही हत्यारं परत परत वापरायचीच असतात का, की पैसे वाचवायला वापरतात? त्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे नेमकं काय झालं? आणि तो डाग रक्ताचा की गंजाचा? जाणकारांनी सांगावं. "डॉक्टरांवर विश्वास ठेवा" एवढंच सांगायचं असेल तर ते घरातून ऐकून झालंय.

अर्धविराम

मी डोळे मिटून घेतो. पाकीटही दिसत नाही, डागही दिसत नाही.
(धागा वाचतोय. खुर्ची आणली आहे, सरळ पाठीची.)

दंतकथा

मी याच धंद्यातला. वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, परत वापरायचीच असतात. आरसा, प्रोब, चिमटा, दाढ काढायचे फोर्सेप्स, दाढ सैल करायचा एलिव्हेटर ही चांगल्या पोलादाची हत्यारं शेकडो वेळा धुवून, वाफेत घालून वापरता येतील अशीच बनवलेली असतात. ऑपरेशन थिएटरमधली कात्रीही प्रत्येक पेशंटला नवी नसते. "परत वापरलं" हा आरोप होत नाही. "दोन पेशंटच्या मधे त्याचं काय केलं" हा खरा प्रश्न.

स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वस्तूंची तीन गटांत केलेली वाटणी आम्ही आजही वापरतो. जे रक्तात, हाडात, हिरडीच्या आत शिरतं ते पहिल्या गटात, म्हणजे निर्जंतुक केल्याशिवाय हात लावायचा नाही. जे नुसतं तोंडाच्या ओल्या आवरणाला लागतं, जसा आरसा किंवा मापाचा ट्रे, ते दुसऱ्यात. उष्णता सोसत असेल तर तेही ऑटोक्लेव्हमध्येच, म्हणजे दाबाच्या वाफेच्या पेटीत. आणि जे फक्त कातडीला लागतं, दिव्याचा दांडा, एक्सरेची नळी, ते तिसऱ्यात. ते पुसायचं किंवा त्यावर प्लास्टिक चढवायचं.

एकदाच वापरून टाकायच्या वस्तू वेगळ्या. सुई, भुलीच्या औषधाची कार्ट्रिज, लाळ ओढायची प्लास्टिकची टिप, टाक्याचा दोरा, हातमोजे. कार्ट्रिजमध्ये अर्धं औषध उरलं तरी ते दुसऱ्याला द्यायचं नाही, कारण सुई आत गेल्यावर पेशंटचा अंश उलटा कार्ट्रिजमध्ये येऊ शकतो. अशा वस्तूंच्या वेष्टनावर २ आकडा आणि त्यावर तिरकी काट मारलेली खूण असते. ती दिसली की विषय संपला.

वाद आहे तो मधल्या वस्तूंवर. रूट कॅनॉलच्या बारीक फाईल्स घ्या, म्हणजे दाताची आतली नळी घासायच्या पीळदार सुया. त्यांच्या पिळांत दाताच्या आतला मगज अडकतो आणि धुवून पूर्ण निघत नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली तिथल्या मुख्य दंत अधिकाऱ्यांनी फाईल्स एकदाच वापरा असं सांगितलं. त्यामागे प्रायॉनची भीती होती. तो जंतूही नाही, विषाणूही नाही, बिघडलेलं प्रथिन आहे आणि नेहमीच्या ऑटोक्लेव्हला पुरून उरतं. शिवाय वापरून वापरून फाईल थकते आणि दाताच्या आतच मोडते. मी स्वतः एका पेशंटपुरतीच वापरतो. सगळे तसं करतात असं म्हणणार नाही.

डागाबद्दल न बघता बोलणं अवघड. रक्ताच्या लाल-तपकिरी ठिपक्यापेक्षा पाण्यातल्या क्षारांचे डाग जास्त वेळा दिसतात. आमच्याकडे साधी युक्ती आहे, शाळेतल्या खोडरबराने घासायचं. डाग गेला आणि खालचा पत्रा गुळगुळीत लागला तर तो नुसता डाग होता. खाली खड्डा लागला तर तो गंज, आणि ते हत्यार बाद. गंजाच्या खड्ड्यात घाण लपते, तिथे ब्रशही पोचत नाही.

शंकासुर

माफ करा, पण हे सगळं पाकिटं आणि मशीनं विकणाऱ्यांचं खूळ वाटतं. आमच्या लहानपणी डॉक्टर स्टोव्हवर पातेल्यात हत्यारं उकळायचे, झाकण उघडून चिमट्याने उचलायचे. कोण मेलं?

वाफारा

@शंकासुर, तुमच्या डॉक्टरांचं पातेलं माझ्या विषयातलं आहे. आयुष्य बॉयलरपाशी गेलं, म्हणून बोलतो.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर थांबतं. कितीही जाळ लावा, पुढे जात नाही. साधे जंतू त्यात मरतात, पण काही जंतू बीजाणू होऊन, चिलखत घालून बसतात आणि तासन् तास उकळलं तरी टिकतात. म्हणून दाब लागतो. हवेच्या दाबावर आणखी चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब दिला की वाफ १२१ अंशांना जाते आणि १५ मिनिटांत काम होतं. ३० पौंडांच्या आसपास गेलं की १३४ अंश, तिथे तीन-चार मिनिटं पुरतात. ही मिनिटं तापमान गाठल्यानंतरची. आधी तापायचा आणि नंतर वाळायचा वेळ वेगळा. फ्रेंच शास्त्रज्ञ चेंबरलँड याने १८७९ साली ऑटोक्लेव्ह हे यंत्र केलं, तत्त्व अजून तेच आहे.

गंमत अशी की कोरडी उष्णता इतकी हुशार नाही. गरम हवेच्या कपाटात १६० अंशांवर दोन तास लागतात. कारण वाफ थंड धातूवर टेकली की तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती पोटातली सगळी उष्णता तिथे ओतून मोकळी होते. भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरता येतो, कुकरच्या वाफेवर धरून बघा.

पण वाफ टेकली पाहिजे! पेटीत हवा अडकून राहिली की त्या जागी वाफ पोचत नाही. कुकरला आधी वाफ येऊ देऊन मग शिट्टी लावतात, त्यामागचं कारण तेच. हवा आधी हाकलायची. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ हवेला ढकलते. 'बी' क्लासच्या यंत्रात पंप आधी हवा ओढून काढतो, पुन्हा पुन्हा. बारीक नळी असलेल्या पोकळ हत्यारांना हेच यंत्र हवं. आणि पेटीत पाकिटं कोंबून एकावर एक रचली तर यंत्र कितीही भारी असो, मधली पाकिटं कच्ची राहतात.

दंतकथा

वाफारा, सुरेख. यात एकच भर: "कोण मेलं" ते कळायला मार्गच नव्हता. हिपॅटायटीस बी अंगात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच महिने जातात. पाच महिन्यांपूर्वी काढलेल्या दाढेची आठवण कोणाला होणार? हा विषाणू सुकलेल्या रक्तात, खोलीतल्या टेबलावर, सात दिवस जिवंत राहतो.

खुर्चीमागची

मी मदतनीस. पाकीट फोडणारी ती मुलगी म्हणजे मीच समजा.

सगळे मशीनबद्दल बोलताय, पण मशीन हा शेवटचा अंक. खरं काम सिंकपाशी. हत्यारावर रक्त वाळलं आणि तसंच ऑटोक्लेव्हमध्ये गेलं तर ते शिजून धातूला घट्ट बसतं, आणि त्याच्याखालचे जंतू चादर पांघरून निवांत. म्हणून पेशंट उठला की हत्यारं लगेच ओलसर ठेवायची, मग अल्ट्रासॉनिकच्या टबात. त्यातल्या पाण्यात बारीक बुडबुडे फुटतात आणि सांध्यातली घाण निघते. फोर्सेप्स तोंड उघडं ठेवून टाकायचे. जाड मोजे घालायचे, पातळ नव्हेत. नंतर धुवायचं, वाळवायचं, भिंगाखाली बघायचं, मग पाकीट. ओलं पाकीट मशीनमधून काढून तसंच कपाटात ठेवलं तर ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

कोरांटीताई, तुम्ही पाहिलेली पट्टी एवढंच सांगते की हे पाकीट गरम वाफेत जाऊन आलं. आत मिनिटं पूर्ण झाली का, सांध्यापर्यंत वाफ पोचली का, ते तिला कळत नाही. न धुतलेलं हत्यार पाकिटात घातलं तरी रंग तितकाच छान बदलतो!

आता जे कोणी लिहिणार नाही ते लिहिते. आमच्याकडचा खरा पेच एअरोटरचा, म्हणजे कीड कोरायचं ते शिट्टी वाजवणारं यंत्र. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. थांबताना उलटी ओढ बसते आणि तोंडातली लाळ, रक्त त्याच्या डोक्यात शिरू शकतं. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून आतलं काय जाणार? ते प्रत्येक पेशंटनंतर काढून, तेल सोडून, पाकिटात घालून वाफेत गेलं पाहिजे.

आता हिशेब करा. धुणं, तेल, पाकीट, वाफेची सायकल, वाळणं, गार होणं धरून एक फेरी तासभराची. अर्ध्या तासाला एक पेशंट आणि एअरोटर दोन. तिसरा पेशंट खुर्चीत बसतो तेव्हा पहिला एअरोटर अजून पेटीत असतो. मग "आज पुसून घे, गर्दी आहे" हे वाक्य येतं. मी आधी जिथे होते तिथे ते रोज संध्याकाळी यायचं. एअरोटर घेऊन दिवा लावणाऱ्या डॉक्टरांच्या पाठीकडे बघत मी उभी राहायचे. बोलायची हिंमत झाली नाही, नोकरी सोडायची झाली. आता आहे तिथे नऊ एअरोटर आहेत.

म्हणून माझं मत: तुम्हाला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर "ऑटोक्लेव्ह आहे का" विचारू नका. तो सगळ्यांकडे असतो. "एअरोटर किती आहेत" ते विचारा.

अर्धविराम

हा प्रतिसाद वाचून सरळ पाठीच्या खुर्चीतही घाम आला.

शंकासुर

पातेल्याबद्दलचं म्हणणं मागे घेतो. पण आमच्या दवाखान्यात काचेचं कपाट आहे, आत निळा दिवा, हत्यारं त्यात ओळीने मांडलेली. ते तरी चालतं ना?

दंतकथा

ते अतिनील किरणांचं कपाट. जिथे उजेड पडतो तिथेच त्याचं काम, सावलीत शून्य. हत्याराची खालची बाजू, सांधा, खाच सगळं सावलीत. निर्जंतुक झालेली पाकिटं ठेवायला वापरा, हत्यारं निर्जंतुक करायला नाही. तसंच ट्रेमधल्या हिरव्या-पिवळ्या द्रावाचं. ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवून बरेच जंतू मरतात, पण बीजाणूंसाठी दहा तास लागतात. दहा तास कोणी थांबत नाही. आणि त्याचा वास घेणाऱ्यांचे डोळे, छाती चुरचुरतात ते वेगळंच.

सांजवेळ

थोडं अवांतर, पण इथेच लिहावंसं वाटतं.

माझ्या वडिलांना हिपॅटायटीस बी आहे. फॉर्मवर खरं लिहिलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी आत जाऊन विचारलं आणि सांगितलं, शेवटचे या, सगळे गेल्यावर. रात्री पावणेनऊ. बाबा तेव्हा सत्तरीचे, दाढेला सूज, दुपारपासून बाकड्यावर बसलेले. आत गेल्यावर खुर्चीला, दिव्याला, अगदी डॉक्टरांच्या स्टुलालाही प्लास्टिक. डॉक्टर दोन-दोन मोजे घालून. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात त्यांनी फॉर्मवर त्या चौकटीत "नाही" लिहिलं. मी पाहिलं, मीही गप्प बसले.

ते चुकलं, माहीत आहे. पण त्यांना शेवटी बोलावणं बरोबर होतं का?

दंतकथा

नाही. यावर मला राग येतो म्हणून जरा लांब लिहितो.

अंगात विषाणू असलेल्या बऱ्याच जणांना ते स्वतःलाच माहीत नसतं. फॉर्मवर "नाही" लिहिणाऱ्यांतही एखादा तसा असू शकतो, कधी नकळत, कधी तुमच्या बाबांसारखा कंटाळून. म्हणून नियमच असा की प्रत्येक पेशंटला संसर्ग आहे असं धरूनच काम करायचं. तेच मोजे, तोच मास्क, तीच वाफ, सगळ्यांना सारखी. एकाला शेवटी बसवणारा दवाखाना नकळत काय कबूल करतो ते बघा: यांच्यानंतर जी स्वच्छता करू ती यांच्याआधीच्या वीस जणांनंतर केलेली नाही. मी पेशंट असतो तर शेवटी बसवलेल्या माणसाची नाही, त्या आधीच्या विसांची काळजी केली असती.

ऑटोक्लेव्हला फॉर्म वाचता येत नाही. १३४ अंशांना बाबांचा चिमटा आणि माझा चिमटा एकच. तुमच्या बाबांच्या बाबतीत खबरदारी कोणाला हवी असेल तर ती आमच्या मदतनिसांना, आणि ती म्हणजे हिपॅटायटीस बीची लस. सुई टोचून होणाऱ्या संसर्गात हाच विषाणू सगळ्यांत चिवट. लस न घेतलेल्याला त्याचा धोका एचआयव्हीच्या कित्येक पट. एचआयव्हीचा हजारात तीन.

वाफारा

अशा घटना प्रत्यक्षात घडल्या आहेत का? की सगळं पुस्तकी?

दंतकथा

घडल्या आहेत, थोड्या. फ्लोरिडातल्या एका दंतवैद्याच्या सहा पेशंटना त्याच्याच प्रकारचा एचआयव्ही झाल्याचं १९९० नंतर निष्पन्न झालं. तो नेमका कसा पोचला ते कधीच सिद्ध झालं नाही. पण एअरोटर प्रत्येक वेळी वाफेत घालायचा आग्रह त्यानंतर वाढला. २०१३ साली ओक्लाहोमातल्या तुल्सा शहरात एका दंत शल्यविशारदाच्या सुमारे ७,००० पेशंटना तपासणी करून घ्या अशी पत्रं गेली. गंजलेली हत्यारं, आणि ऑटोक्लेव्हची चाचणी कित्येक वर्षं झालेली नव्हती. त्यात एका पेशंटकडून दुसऱ्याला हिपॅटायटीस सी गेल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. अमेरिकेतल्या दंत दवाखान्यातली ही तशी पहिली नोंद.

हत्यारं सोडा, पाणीही लक्षात ठेवा. खुर्चीच्या बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचतं, आतून बुळबुळीत थर धरतो. इटलीत २०११ साली ८२ वर्षांची एक बाई लिजिओनेलाने दगावली, आणि तो जंतू तिच्या दंतवैद्याच्या नळीतल्या पाण्याशी जुळला. म्हणून दोन पेशंटच्या मधे वीस-तीस सेकंद पाणी सोडून द्यायचं असतं. ते वाया घालवणं नाही.

खुर्चीमागची

आणि सक्शनच्या टिपेभोवती ओठ मिटून चोखू नका हो! नळीत आधीच्यांचं जे काही असेल ते उलटं येऊ शकतं. लहान मुलं हमखास करतात, मोठेही करतात.

शंकासुर

हे आत्ता सांगताय?

कोरांटी

सगळ्यांचे आभार. @सांजवेळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काल परत गेले. धीर करून दोन प्रश्न विचारले. एअरोटर सहा आहेत, खुर्च्या दोन. खुर्चीमागचीताईंचा हिशेब मांडून बघितला, जेमतेम बसतो. चिमट्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी मदतनीस मुलीला ट्रे आणायला सांगितला, तिघींनी मिळून खोडरबर घेतलं. डाग गेला, खाली बोट फिरवलं, गुळगुळीत. पण त्याच ट्रेमधल्या दुसऱ्या एका चिमट्याला खड्डा लागला. तो त्यांनी बाजूला काढला. तो डाग मला तेव्हा दिसला नव्हता.

मग मी त्या मशीनची चाचणी होते का विचारलं. मुलगी मला आत घेऊन गेली. दर सोमवारी एक छोटी कुपी पाकिटांच्या मधे ठेवतात. तिच्यात उष्णतेला सगळ्यांत चिवट अशा जंतूचे बीजाणू असतात, आणि सायकल झाली की ती उबदार कप्प्यात दोन दिवस ठेवतात. कप्प्यात दोन कुप्या होत्या, एक जांभळी, एक पिवळीधमक. वहीत लिहिलं होतं: पिवळा म्हणजे जंतू वाढले. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, अहो ही पिवळी झाली आहे!

ती हसली. म्हणाली, ती मशीनमध्ये घातलेलीच नाही. ती पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर जांभळीतले बीजाणू आधीपासूनच मेलेले होते की काय ते कसं कळणार?

पुढची वेळ पंधरा दिवसांनी आहे. सोमवार मागून घेतलाय.